कापड आपलं, शिलाई तीन कोटी

दादाच्या घरखर्चाच्या वहीत मे २०२३च्या पानावर पाच नोंदी एकाखाली एक आहेत. दूध १,८६०. वीज २,१४०. कामवाल्या बाई १,५००. गॅस १,१०३. आणि त्याखाली, त्याच निळ्या शाईत, त्याच ठाशीव अक्षरात : गाठ (अमेरिका) ४,१०,००,०००. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘घासाघीस करून पाहणे’.

दादा डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाला. महिनाअखेर जमाखर्चात पाच रुपयांचा फरक आला तर तो रात्री दीड वाजता उठून वहिनीला विचारतो, ‘कोथिंबीर दोनदा घेतलीस का?’ त्यामुळे चार कोटींचा आकडाही वहीत येणं भागच होतं. फक्त तो मावेना. रुपयांच्या रकान्यातून सांडून पुढच्या रकान्यात गेला आणि दादाला दोन शून्यं समासात काढावी लागली.

२०१७ साली त्याच्या मानेत पहिली गाठ आली, तेव्हापासून आमच्या घरात ‘गाठ’ हा शब्द रुळला. ‘लिंफोमा’ हा शब्द फाइलमध्ये राहिला. आणि त्याच्याही मागे उभा असलेला तो मोठा शब्द कोणी उच्चारलाच नाही. वहिनी ‘हे दुखणं’ म्हणते. आत्या नुसतंच ‘ते’ म्हणते आणि आवाज खाली आणते, जणू ते पलीकडच्या खोलीत झोपलंय आणि उठलं तर चहा टाकावा लागेल. दादाचा लिंफोमा ‘फॉलिक्युलर’, म्हणजे सुस्त जातीचा. डॉक्टरांनी समजावलं, ‘हा सावकाश चालतो. मध्येच थांबतो. वर्षानुवर्षं हलत नाही, आणि आपण विसरलो की परत समोर येतो.’ मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत, त्यामुळे मला ही जात लगेच ओळखू आली.

दोनदा उपचार झाले, दोनदा गाठी बसल्या. २०२३च्या मे महिन्यात त्या तिसऱ्यांदा आल्या. डॉक्टर म्हणाले, ‘आता गोळ्या आणि इंजेक्शन सुरू करू. बरेचदा यानेच भागतं. नाही भागलं तर अमेरिकेत कार-टी म्हणून उपचार आहे. व्हिसा, पैसे यांना महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा तयारी आत्तापासून ठेवा.’

‘तयारी ठेवा’ हे दोन शब्द आमच्या घरात कधीही बोलू नयेत. आमच्याकडे बारशाची तयारी डोहाळजेवणाच्या आधी सुरू होते.

त्या रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल झाला. न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तिथे सोळा वर्षं आहे. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, ‘बाबा, पैशाचा विचार करायचा नाही.’ आणि लगेच पडद्यावर एक्सेल उघडलं. त्याला सात टॅब होते.

कार-टी म्हणजे काय, ते त्यानेच सांगितलं. माणसाच्या रक्तातल्या टी पेशी काढून घ्यायच्या. त्या कारखान्यात पाठवायच्या. तिथे त्यांना गाठीतल्या पेशी ओळखायचं शिक्षण द्यायचं, त्यांची संख्या वाढवायची, गोठवायचं, परत हॉस्पिटलात आणायचं आणि सलाइनसारखं त्याच माणसाच्या अंगात सोडायचं. लिंफोमासाठीचं पहिलं औषध २०१७मध्ये तिकडे बाजारात आलं तेव्हा त्याची छापील किंमत होती ३,७३,००० डॉलर. दादाने ब्याऐंशीने गुणलं. तोंडी. ‘तीन कोटी पाच लाख शहाऐंशी हजार.’

वहिनी इतका वेळ गवार मोडत ऐकत होती. ती म्हणाली, ‘थांब रे. पेशी ह्यांच्याच ना?’

‘हो आई.’

‘त्या काढणार, आणि ह्यांनाच परत घालणार?’

‘हो, पण मध्ये त्यांना...’

‘म्हणजे कापड आपलं आणि ते नुसती शिलाई करणार. शिलाईचे तीन कोटी?’

पुतण्याने जेनेटिक इंजिनिअरिंगवर आणखी दहा मिनिटं घेतली. पण त्या दिवसापासून आमच्यात या उपचाराचं नाव ‘शिलाई’ पडलं ते पडलंच. मला तर अजून वाटतं की वैद्यकशास्त्रात याच्याइतकं नेमकं भाषांतर दुसरं झालेलं नाही.

शिलाईखेरीज हॉस्पिटलात राहणं, तपासण्या, अतिदक्षता, असं सगळं धरून तिथल्या एका हॉस्पिटलने पाच लाख डॉलरचं एस्टिमेट धाडलं. खाली बारीक अक्षरात होतं की हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष बिल बदलू शकतं. वहिनीने विचारलं, ‘बदलू शकतं म्हणजे कमी होऊ शकतं का?’ पुतण्या म्हणाला, ‘आई, अमेरिकेत घासाघीस नसते.’ वहिनी फडके रोडवर चाळीस वर्षं भाजी घेते आहे. ती म्हणाली, ‘विचारून तर बघ. तो काय नाही म्हणेल.’ पुतण्याने लाजत लाजत फोन केला. आणि काय सांगू, तिकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं की विमा नसलेल्या, सगळे पैसे आगाऊ भरणाऱ्या रुग्णांना सवलत असते, तिच्यासाठी वेगळा फॉर्म आहे. पुतण्या सोळा वर्षं त्या देशात राहतो आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं. वहिनी पुढच्या भाजीकडे वळली.

सवलत अर्थात शेवटी ठरणार होती, म्हणून वहीतला आकडा आम्ही तोच ठेवला. पाचातले दीड लाख डॉलर पुतण्या उभे करणार होता. उरलेले साडेतीन लाख, म्हणजे दोन कोटी सत्त्याऐंशी लाख रुपये, इकडून जायचे होते.

आता इकडची जमा बघा. दादाचा फ्लॅट. इमारत पुनर्विकासाला जाणार जाणार असं सात वर्षं चाललंय, त्यामुळे तो विकला तर कमी येतात आणि थांबलं तर येतच नाहीत. दादाच्या ठेवी, माझ्या ठेवी. पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी. तिच्या एजंटला विचारलं, ‘परदेशातला उपचार बसतो का?’ तो मनापासून हसला. प्रवासी विमा घ्यावा तर त्यात आधीपासूनचा आजार सोडून बाकी सगळं बसतं. सामान हरवलं तर पैसे मिळतात. दादा म्हणाला, ‘गाठी सुटकेसमध्ये घालून नेता येतील का बघ.’

कोकणातली जमीनही होती. आमच्या वाटणीची तेरा गुंठे, आंब्याची चार कलमं आणि सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार माणसं वारली आहेत, एक कॅनडात आहे, आणि एका चुलत्याचं म्हणणं असं की आमचं नाव तिथे मुळात चुकून लागलं. दादा म्हणाला, ‘या सतरा सह्या मिळेपर्यंत माझा सुस्त लिंफोमासुद्धा कंटाळून जाईल.’

मग एका संध्याकाळी वहिनीने कपाटातून डबा आणला आणि काही न बोलता पाटल्या टेबलावर ठेवल्या. चार तोळे. स्टीलच्या ताटलीत, लसणाच्या पाकळ्यांशेजारी. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी मेहेरबाई टाटांची गोष्ट काढली. दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यांच्याकडे जुबिली नावाचा हिरा होता, २४५ कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. त्यांना ल्युकेमिया झाला. नवऱ्याकडे पैसा म्हणाल तर टाटांचा, देश म्हणाल तर विलायत, आणि १९३१ साली वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, तेही परदेशातच. हिरा मग विकला गेला, पैसा ट्रस्टमध्ये आला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ला परळला टाटा हॉस्पिटल उघडलं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. ‘म्हणजे मी ह्या विकल्या तर,’ ती म्हणाली, ‘डोंबिवलीत निदान दवाखाना तरी निघेल.’ आणि पाटल्या डब्यात परत गेल्या.

सगळी बेरीज एक कोटी बासष्ट लाखांवर थांबली. तूट सव्वा कोटी. दादा म्हणाला, ‘हातचे धरूनही उत्तर येत नाही.’

तेव्हा भाच्याने सुचवलं की ऑनलाइन मदत मागू, हल्ली सगळे मागतात. फोटो आणि चार ओळी टाकायच्या. फोटो काढायची वेळ आली तर दादा नेमका सलूनमधून कटिंग, दाढी करून आलेला. इस्त्रीचा शर्ट. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही फार बरे दिसताय. जरा खोका की.’ दादा म्हणाला, ‘मला खोकला नाहीये.’ ‘मग निदान कॅमेऱ्याकडे बघू नका, खिडकीकडे बघा. शून्यात.’ खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर एकजण पतंगाची कन्नी बांधत होता आणि चुकीची बांधत होता. दादाच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मास्तरचे होते. त्या फोटोवर कोणी सव्वा कोटी दिले नसते, फार तर छडी दिली असती. मोहीम तिथेच संपली.

भेटायला येणाऱ्यांचं सांगायचं तर प्रत्येकाच्या नात्यातलं कोणीतरी अमेरिकेला जाऊन ‘एकदम बरं होऊन’ आलेलं होतं. नाव, गाव, आजार विचारला की तो माणूस बायपासचा निघे. मावशीने एवढंच सांगितलं, ‘कानटोपी ने.’ सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

जूनमध्ये दुसरं मत घ्यायला आम्ही परळला गेलो. सकाळची लोकल, दादाच्या मांडीवर फाइल, फाइलवर डबा. बोर्जेस रोडच्या फुटपाथवर सकाळी आठ वाजता भारताचा नकाशा चटया अंथरून बसलेला असतो. बिहार दातून करतो, बंगाल मुलाचे केस विंचरतो, विदर्भ थर्मासमधून चहा ओततो. आत बाकावर दादाशेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. बंगाली वळणाचं हिंदी. खुलन्याचे, बांगलादेशातले, तेही शाळामास्तर. भूगोलाचे. बायकोच्या उपचारांसाठी आले होते. मेडिकल व्हिसा, मुलगा सोबत आणि दादरला भाड्याची खोली. त्यांनी माशांचं तळं विकलं होतं. त्यांच्याही खिशात वही होती! टाका भागिले रुपये, बंगाली आकड्यांत. दोन्ही मास्तरांनी वह्यांची अदलाबदल केली आणि एकमेकांची बेरीज तपासली. मी डोळ्यांनी पाहिलंय, दादाने त्यांच्या वहीत एक हातचा सुटलेला दाखवला.

मग त्यांनी विचारलं, ‘आप का इलाज यहीं होगा?’

दादा म्हणाला, ‘शायद विदेश जाना पड़े.’

खुलन्याचे मास्तर आजूबाजूला बघत म्हणाले, ‘और कितना विदेश?’

दादाला दिवसभर त्याचं हसू येत होतं. त्यांचं परदेश म्हणजे परळ. आणि आमचं परळ म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनच्या शेजारचं स्टेशन.

आतल्या डॉक्टरांनी फाइल पाहिली आणि तेच सांगितलं की गोळ्या चालू ठेवा, घाई नाही. जाता जाता असंही म्हणाले की या पेशींच्या उपचाराच्या चाचण्या आपल्याकडेही चालू आहेत, आयआयटीबरोबर. आम्ही ‘हो का’ म्हणालो. लक्ष नव्हतं. मी मनात डॉलरचा भाव बघत होतो.

कारण आता माझी पाळी होती. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसायचो. लोकांच्या मुलांच्या फिया, लोकांच्या सहली, लोकांची आजारपणं डॉलरमध्ये करून पाठवली. त्यामुळे दादाने सगळा कारभार माझ्यावर सोपवला, आणि मीही जरा ताठ मानेने माझ्याच जुन्या शाखेत गेलो. रेकॉर्ड तपासण्याच्या फीचे तीन हजार डॉलर त्या हॉस्पिटलला धाडायचे होते. पुतण्या तिथून एका बटणावर भरणार होता, पण दादाचा हट्ट : सुरुवात आपल्या खात्यातून.

नियम मला पाठ. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. उपचारासाठी हॉस्पिटलचं किंवा डॉक्टरचं एस्टिमेट दाखवलं तर त्याहूनही जास्त पाठवता येतात. सात लाख रुपयांच्या वर गेलं की बँक तेव्हा पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायची. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात बाकी पुष्कळ गोष्टींसाठी वीस टक्के करायचं ठरलं होतं, उपचार आणि शिक्षण तेवढं वाचलं. दादाने हिशेब मांडला होता. दोन कोटी सत्त्याऐंशी वजा सात, दोन कोटी ऐंशी, त्याचे पाच टक्के, बरोब्बर चौदा लाख. पूर्णांकात उत्तर आल्याचा त्याला इतका आनंद झाला की हे चौदा लाख आपल्यालाच भरायचे आहेत हे दोन मिनिटं त्याच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या वर्षी रिटर्न भरलं की ते परत मिळतात. ‘म्हणजे,’ दादा म्हणाला, ‘रिफंडसाठी तरी जगायला हवं.’ वहिनी उठून आत गेली. आतून भांडी जरा जोरात वाजली.

तर मी टेबलासमोर बसलो. माझ्या खुर्चीत आता एक पोरगी होती, चुणचुणीत. तिने एस्टिमेट उलटसुलट केलं आणि विचारलं, ‘सर, यावर शिक्का कुठाय?’

‘अमेरिकेत शिक्के नसतात.’

‘हॉस्पिटलचा शिक्का तर असेल ना?’

मी पुतण्याला कळवलं. पुतण्याने हॉस्पिटलला कळवलं. हॉस्पिटलने अत्यंत नम्रपणे विचारलं, शिक्का म्हणजे काय? पुतण्याने रबर, शाई, उशी असं सगळं वर्णन करून पाठवलं. उत्तर आलं की आमची पत्रं संगणकावर तयार होतात, तरी आपली काही भावनिक गरज असल्यास आमच्या समुपदेशकाशी बोलावं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्या पोरीने साहेबांना विचारून तसंच चालवून घेतलं. मी काय बोलणार? एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसून मी हाच प्रश्न विचारला होता. कितीजणांना परत पाठवलं असेल, ते आता त्या पोरीच्या तोंडून वसूल होत होतं.

मग ए-टू फॉर्म. त्यात पैसे कशासाठी जातायत त्याचा कोड घालायचा असतो. हे कोड ज्याने कोणी क्रमाने लावले तो माणूस मोठा तत्त्वज्ञ असावा. तीर्थयात्रा एस-०३०३, आजारपण ०३०४, शिक्षण ०३०५. चार आश्रमांचा क्रम पार उलटा. हजारो फॉर्मवर मी ०३०४ लिहिलं असेल. त्या दिवशी आकडा पटकन लिहिला. खाली ‘आजाराचे स्वरूप’ असा एक जादा रकाना बँकेने स्वतःहून घातलेला होता. मी ‘गाठ’ लिहायला लागलो. पोरगी वाकून बघत म्हणाली, ‘सर, इंग्लिशमध्ये. ब्लॉक लेटर्स.’ पेन बँकेचं, दोरीने बांधलेलं, दोरी आखूड. सहा वर्षं कोणी न उच्चारलेला शब्द, मी सहा चौकटींत, एकेक अक्षर सोडवून, लिहिला. दोरीमुळे शेवटचं अक्षर तिरकं आलं. पोरीने फॉर्म घेतला, वाचला, आणि म्हणाली, ‘सर, पाणी देऊ?’ मी म्हटलं, ‘नको, दोरी तेवढी लांब करा.’

व्हिसाचं नाटक त्याहून रंगलं. त्या काळात मुंबईत अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला वर्षाहून जास्त वेटिंग होतं, पण उपचारासाठी तातडीची तारीख मागता येते, ती मिळाली. कागदपत्रांची यादी वाचून दादा दोन दिवस विचारात होता. इथल्या डॉक्टरांचं पत्र हवं की आजार आहे. तिथल्या हॉस्पिटलचं पत्र हवं की उपचार आहे. बँकेचं पत्र हवं की पैसे आहेत. आणि हे सगळं असून माणूस मायदेशी परत येणार याची खात्री हवी. ‘म्हणजे बघ,’ तो म्हणाला, ‘आजारी इतकं असायचं की जायलाच हवं, आणि ठणठणीत इतकं की यायलाच हवं. हे समीकरण सुटत नाही.’

हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात आणखी होतं : शिलाई झाल्यावर चार आठवडे हॉस्पिटलपासून दोन तासांच्या अंतरात राहायचं, आणि आठ आठवडे वाहन चालवायचं नाही. दादाने जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. तो खूश झाला. ‘एक पथ्य तरी फुकटात जमलं.’

बीकेसीला मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर झाडाखाली थांबलो. आत काय झालं ते वहिनीने सांगितलं. खिडकीपलीकडे तरुण गोरा अधिकारी. पैसे कोण देणार, असं त्याने विचारलं. साधारण वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारावा तसा प्रश्न. दादाने फळ्यावर मांडावं तसं मांडलं : मुलगा दीड लाख, आम्ही साडेतीन, पैकी सव्वा कोटी रुपये अद्याप येणे. वहिनीने कोपर मारलं, पण खोटं बोलायचं दादाच्या अभ्यासक्रमात नाही. अधिकाऱ्याने पुढचं विचारलं, ‘उपचारानंतर भारतात परत कशासाठी याल?’

घर, पेन्शन, नातवंडं, असं काहीतरी सांगायचं घोकून घेतलं होतं. दादा म्हणाला, ‘टॅक्स रिफंड.’

‘कसला?’

मग दादाने त्याला टीसीएस समजावून सांगितला. सात लाखांची मर्यादा, पाच टक्के, चौदा लाख, रिटर्नची तारीख ३१ जुलै. मागची रांग थांबली. वहिनी म्हणते, तो अधिकारी शेवटी मान डोलवायला लागला होता, दादाच्या वर्गातली मुलं डोलवायची तशी, म्हणजे कळलं म्हणून नव्हे, सुटका व्हावी म्हणून. त्याने व्हिसा दिला. दोघांनाही, दहा-दहा वर्षांचा.

पासपोर्ट आले, बॅगा उतरवल्या गेल्या, मावशीची कानटोपी आली. आणि सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये गाठी अर्ध्याहून लहान झालेल्या निघाल्या. गोळ्या लागू पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ‘अमेरिका तूर्त राहू द्या.’ दादाने घरी येऊन वही उघडली. चार कोटी दहा लाखांची ओळ पट्टी धरून खोडली. मग जरा थांबून शेऱ्यात लिहिलं, ‘पुढे ओढले’.

ऑक्टोबरमध्ये पेपरात बातमी. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटल यांनी मिळून घडवलेल्या देशातल्या पहिल्या कार-टीला परवानगी मिळाली, नाव नेक्सकार-१९, किंमत अमेरिकेतल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, चाळीस लाखांच्या आसपास. पुढे एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला त्याचं रीतसर उद्घाटनही झालं. चाळीस लाख ही काही भाजीची किंमत नव्हे, आमच्या इमारतीतल्या दहा घरांना मिळूनही ती झेपणार नाही, आणि कोणाच्या गाठीला ते लागू पडेल हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील. पण दादा त्या बातमीतल्या एकाच शब्दापाशी अडकला होता. ‘पवई? म्हणजे कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षा?’ वहिनी म्हणाली, ‘शिंपी गल्लीतच होता की. आणि आपण पॅरिसला माप द्यायला निघालो होतो.’

त्याच सुमाराला पुतण्याने आणखी एक शोध लावला. दादा ज्या गोळ्या खातो, त्याच औषधाच्या मूळ कंपनीच्या एका गोळीची छापील किंमत त्याच्याकडे आठशे डॉलरच्या पुढे होती. एका गोळीची! तेवढ्या पैशांत दादाच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्या आमच्या नाक्यावर येतात, वर मेडिकलवाला दहा टक्के सोडतो आणि डबी रबरबँड लावून देतो. पुतण्या फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, तुमचा तो डेंटिस्ट अजून बसतो का हो?’

डिसेंबरात तो आला. दोन रूट कनाल, तीन कॅप आणि एक अक्कलदाढ घेऊन. तिकडे विमा असूनही दातांचा खर्च परवडेना, म्हणून दोन वर्षं डाव्या बाजूनेच जेवत होता. आम्हाला एक्सेल दाखवताना तो बोलता बोलता मध्येच का थांबायचा, ते आत्ता कळलं.

आल्या रात्री दादाने त्याला जेवायच्या टेबलाशी बसवलं आणि वहीचं एक पान टरकावून पुढे ठेवलं. वर तारीख. खाली ठाशीव अक्षरात : रूट कनाल दोन, कॅप तीन, दाढ एक, रिक्षा जाऊन येऊन सहा वेळा. बेरीज. तळाशी बारीक अक्षरात, ‘हा केवळ अंदाज आहे. प्रत्यक्ष बिल बदलू शकते.’

पुतण्या हसायला गेला आणि दाढ धरून कळवळला.

‘थांब,’ वहिनी म्हणाली, ‘ह्यावर शिक्का कुठाय?’ दादा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तिने ड्रॉवरमधून सोसायटीचा रबरी शिक्का काढला, उशी कोरडी होती म्हणून त्यावर थोडं पाणी शिंपडलं, आणि दोनदा दाबून मारला.